विश्लेषण : कर्करोगावरील उपचार लागू पडतो आहे का, हे रक्तातून कळते? नोबेलविजेते चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलेली वाट आणि तिच्या मर्यादा

स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपीची दोन-तीन आवर्तने झाली की रुग्ण आणि तिच्या घरचे एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात. औषध लागू पडते आहे का? केस गेले, तोंडाची चव गेली, साठवलेले पैसे आणि रजा दोन्ही संपत आले. त्या बदल्यात आजार मागे हटतो आहे का? स्कॅन दर आठवड्याला काढता येत नाही. रक्त मात्र केव्हाही काढता येते. त्यामुळे ‘सीए १५-३’सारख्या चाचणीच्या आकड्याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. आकडा उतरला की हायसे वाटते, चढला की झोप उडते.

रक्तातील एखाद्या पदार्थाच्या चढउतारावरून कर्करोगाचा उपचार जोखता येतो, हे १९४१ मध्ये ठोसपणे दाखवून देणारे शल्यविशारद म्हणजे चार्ल्स ब्रेंटन हगिन्स. त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण याच हगिन्स यांनी पुढे मांडलेली कर्करोगाची दुसरी एक रक्तचाचणी साफ फसली. रक्तातील आकड्यावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा नाही, याचे उत्तर त्यांच्या यशात आहे तसेच त्यांच्या अपयशातही आहे.

हगिन्स कोण होते?

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्स या बंदराच्या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. अकेडिया विद्यापीठातून १९२० मध्ये, वयाची विशीही गाठली नसताना, ते पदवीधर झाले आणि १९२४ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर होऊन बाहेर पडले. मिशिगन विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेतल्यानंतर १९२७ मध्ये ते शिकागो विद्यापीठाच्या नव्या वैद्यकीय शाळेत दाखल झाले. तेथील सुरुवातीच्या मोजक्या अध्यापकांपैकी ते एक होते.

तेथे विभागप्रमुख डॅलस फेमिस्टर यांनी त्यांच्याकडे मूत्ररोगशास्त्र सोपवले. हा विषय हगिन्स यांनी मुख्यतः पुस्तके वाचून आत्मसात केला. मात्र त्यांचे मन प्रयोगशाळेत अधिक रमत असे. हाताखाली भरपूर माणसे ठेवून देखरेख करण्यापेक्षा स्वतः टेबलाशी उभे राहून प्रयोग करणे त्यांना आवडायचे, आणि ही सवय उतारवयापर्यंत टिकली.

रक्तातील विकरांकडे ते कसे वळले?

कारण ठरले हाड. मूत्राशयाच्या आतले अस्तर शरीरात दुसऱ्या ठिकाणी रोवले तर तेथे हाड तयार होते, या विलक्षण घटनेवर हगिन्स १९३० च्या आसपास प्रयोग करीत होते. हाड बनते तेथे ‘अल्कलाइन फॉस्फटेज’ नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, भरपूर असते. या विकराचा हाडांशी असलेला संबंध लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट रॉबिसन यांनी उलगडला होता. युरोपातील वास्तव्यात हगिन्स यांनी रॉबिसन यांचे काम जवळून पाहिले. बर्लिनमध्ये पेशींच्या रसायनशास्त्राचे मोठे अभ्यासक ओटो वारबर्ग यांच्याशीही त्यांचा संबंध आला. एका शल्यविशारदाला रसायनशास्त्राची गोडी लागली, ती अशी.

दरम्यान, दुसरे एक विकर चर्चेत आले होते. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत ‘ॲसिड फॉस्फटेज’ मोठ्या प्रमाणात असते, हे १९३५ मध्ये दिसून आले. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले असते, हे १९३८ मध्ये न्यूयॉर्कमधील अलेक्झांडर आणि एथेल गटमन यांनी दाखवले. म्हणजे कर्करोगाची खूण रक्तात सापडली होती. पण ती खूण उपचाराबरोबर हलते का, हे कोणी पडताळले नव्हते.

कुत्र्यांवरील प्रयोगांनी काय शिकवले?

प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव किती आणि केव्हा तयार होतो, हे मोजण्यासाठी हगिन्स यांनी कुत्र्यांवर एक शस्त्रक्रिया विकसित केली. म्हाताऱ्या कुत्र्यांची प्रोस्टेट ग्रंथी माणसांप्रमाणेच वाढते. अशी कुत्री प्रयोगात आली की मोजमाप बिघडे. ही अडचणच पुढे उपयोगी पडली. वृषण काढले की या कुत्र्यांच्या वाढलेल्या ग्रंथी आक्रसतात आणि पुरुषी संप्रेरक टोचले की स्राव पुन्हा सुरू होतो, असे दिसून आले.

त्यातून एक प्रश्न उभा राहिला. माणसाच्या प्रोस्टेटमधील कर्करोगाच्या पेशीही त्याच संप्रेरकांवर जगत असतील का? तसे असेल, तर संप्रेरक तोडले की त्या पेशी उपाशी पडायला हव्यात.

त्या काळी कर्करोगाची पेशी शरीराचे कोणतेच नियंत्रण मानत नाही, असा समज रूढ होता. शस्त्रक्रियेने कापून काढणे किंवा किरणांनी जाळणे हेच उपाय होते. हाडांपर्यंत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णाला वेदनाशामकाखेरीज फारसे काही देता येत नसे.

१९४१ मध्ये नेमके काय घडले?

हगिन्स आणि त्यांचे तरुण सहकारी क्लॅरन्स हॉजेस यांनी प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या रुग्णांच्या रक्तातील दोन्ही विकरे वारंवार मोजायला सुरुवात केली. ॲसिड फॉस्फटेज हे कर्करोगाच्या पेशींच्या हालचालीचे माप होते आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडाच्या प्रतिक्रियेचे.

रुग्णांचे वृषण शस्त्रक्रियेने काढल्यानंतर किंवा त्यांना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिल्यानंतर रक्तातील ॲसिड फॉस्फटेज झपाट्याने उतरले. काही रुग्णांना पुरुषी संप्रेरक टोचले, तेव्हा तेच माप चढले. आजच्या वैद्यकीय नीतीच्या चौकटीत असा प्रयोग सहज मान्य होणार नाही. पण त्यातून एक गोष्ट निर्विवाद ठरली. आकडा दोन्ही दिशांनी हलत होता आणि त्यामागचे कारण हाती लागले होते.

त्याच वर्षी २१ रुग्णांच्या उपचारांचा अहवालही प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेकांना आराम पडला. वेदनेने अंथरुणाला खिळलेली माणसे खाऊ-पिऊ लागली, हिंडू-फिरू लागली. संपूर्ण शरीरात पसरलेल्या कर्करोगाला रक्तावाटे पोहोचणाऱ्या रसायनाने मागे ढकलता येते, याचा हा सुरुवातीचा भक्कम पुरावा होता. नायट्रोजन मस्टर्डचा वापर आणि सिडनी फार्बर यांचे बालरक्ताच्या कर्करोगावरील काम, म्हणजे आज ज्याला केमोथेरपी म्हणतात तिचा आरंभ, त्यानंतरचा आहे.

हा विजय पूर्ण नव्हता. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अनेक रुग्णांचा आजार पुन्हा उसळला. एकदा खाली आलेला आकडा कायम खाली राहीलच याची हमी नाही, हेही हगिन्स यांच्या रुग्णांनीच शिकवले.

आकडा वाढूनही बातमी चांगली कशी?

या दोन विकरांच्या जोडीने आणखी एक धडा दिला. उपचार लागू पडलेल्या रुग्णांत ॲसिड फॉस्फटेज उतरत असताना अल्कलाइन फॉस्फटेज मात्र सुरुवातीला वाढू शकते. कारण कर्करोगाने पोखरलेले हाड आता भरून येत असते आणि हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागलेल्या असतात. काही काळाने हेही माप खाली येते.

फक्त दुसरा आकडा पाहणाऱ्याला आजार वाढल्यासारखे वाटले असते. पदार्थ कोणत्या पेशीतून येतो आणि उपचाराच्या कोणत्या टप्प्यावर तो मोजला, हे ठाऊक नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना आज हीच गोष्ट वेगळ्या चाचणीच्या संदर्भात सांगावी लागते.

मग फसलेली चाचणी कोणती?

१९४९ मध्ये हगिन्स, जेराल्ड मिलर आणि एलवुड जेन्सन यांनी रक्तातील प्रथिनांच्या गोठण्यावर आधारलेली चाचणी मांडली. रक्तद्रव तापवला की त्यातील प्रथिने अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी साकळतात. आयोडोॲसिटेट हे रसायन मिसळले तर हे साकळणे थांबते. कर्करोगाच्या रुग्णांत त्यासाठी लागणारे रसायनाचे प्रमाण वेगळे असते, असे त्यांना आढळले. त्यावरून एक निर्देशांक तयार झाला. एका साध्या रक्तचाचणीने कर्करोग ओळखता येईल, अशी आशा पसरली.

ती टिकली नाही. कर्करोग नसलेल्या इतर गंभीर आजारांतही हा निर्देशांक बदलतो, असे दिसून आले आणि चाचणी मागे पडली.

एकाच संशोधकाच्या या दोन चाचण्यांत फरक कोणता होता? ॲसिड फॉस्फटेज एका ठरावीक ग्रंथीच्या पेशींतून येत होते. ते ज्याला आजार आहे हे आधीच माहीत होते, अशा माणसात मोजले गेले आणि त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी ताडून पाहिले गेले. प्रश्न मर्यादित होता : उपचार काम करतो आहे का? दुसऱ्या चाचणीने मात्र कोणाच्याही रक्तातून कर्करोग आहे की नाही, हे सांगायचा घाट घातला. पण ती मोजत असलेला बदल कर्करोगाचा खास नव्हता. आजारी शरीरात तो अनेक कारणांनी होत होता.

स्तनाच्या कर्करोगाशी त्यांचा संबंध काय?

स्तनाचा कर्करोग संप्रेरकांवर पोसला जाऊ शकतो, याची चाहूल १८९६ मध्येच लागली होती. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्त्रीबीजकोश काढल्यानंतर स्तनाचा पसरलेला कर्करोग मागे हटल्याचे नोंदवले होते. पण बीजकोश नसले किंवा पाळी गेलेली असली तरी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमुळे शरीरात संप्रेरके तयार होत राहतात. या ग्रंथी काढल्या तर माणूस जगत नसे. कॉर्टिसोन हे औषध उपलब्ध झाले आणि ते शक्य झाले. १९५१-५२ च्या सुमारास हगिन्स आणि डेलबर्ट बर्गेनस्टाल यांनी स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात ॲड्रिनल ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली.

साधारण एक तृतीयांश स्त्रियांना स्पष्ट फायदा झाला. उरलेल्यांच्या वाट्याला मोठी शस्त्रक्रिया आणि आयुष्यभर कॉर्टिसोनच्या गोळ्या आल्या, आजार मात्र जागेवर राहिला. कोणाला फायदा होईल, हे आधी सांगता येत नव्हते. प्रोस्टेटच्या कर्करोगात ॲसिड फॉस्फटेज होते, तसे खात्रीचे माप स्तनाच्या कर्करोगासाठी रक्तात सापडले नव्हते.

याचे उत्तर हगिन्स यांच्याच संस्थेतून आले. १९५१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली शिकागोत बेन मे प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे ग्राही प्रथिन, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, शोधले. ज्या गाठीत हे रिसेप्टर असतात तिलाच संप्रेरक तोडण्याचा फायदा होतो, हे त्यातून कळले. स्तनाच्या गाठीच्या बायोप्सी अहवालात आज ‘ईआर पॉझिटिव्ह’ किंवा ‘ईआर निगेटिव्ह’ लिहिलेले असते, ते याच संशोधनामुळे. हगिन्स यांनी १९६१ मध्ये एका रसायनाची एकच मात्रा देऊन मादी उंदरांत स्तनाच्या गाठी निर्माण करण्याची पद्धतही दिली. संप्रेरक रोखणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या औषधांच्या अभ्यासात ती पुढे उपयोगी ठरली.

नोबेल केव्हा मिळाले?

१९४१ च्या कामासाठी हगिन्स यांना पंचवीस वर्षांनी, १९६६ मध्ये, वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ते विभागून होते. दुसरे मानकरी पेटन राउस यांनी विषाणूंमुळे कोंबड्यांत कर्करोग होतो हे १९११ मध्ये दाखवले होते. म्हणजे त्यांना त्याहूनही अधिक वाट पाहावी लागली होती. हगिन्स १९७२ ते १९७९ या काळात आपल्या जुन्या अकेडिया विद्यापीठाचे कुलपती होते. १२ जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, शिकागोत त्यांचे निधन झाले. तोवर ॲसिड फॉस्फटेजची जागा ‘पीएसए’ या अधिक संवेदनशील चाचणीने घेतली होती.

आज स्तनाच्या कर्करोगात रक्ताचा आकडा काय सांगतो?

स्तनाच्या अनेक गाठींच्या पेशींवर ‘एमयूसी१’ हे प्रथिन असते. त्याचे तुकडे रक्तात उतरतात. ‘सीए १५-३’ आणि ‘सीए २७.२९’ या चाचण्या तेच तुकडे मोजतात. आतड्याच्या कर्करोगाच्या अभ्यासातून १९६५ मध्ये पुढे आलेले ‘सीईए’ही काही वेळा जोडीला तपासतात.

या चाचण्यांचा खरा उपयोग आजार शरीरात पसरलेल्या रुग्णांत आहे. तोही शारीरिक तपासणी, रुग्णाचा त्रास आणि स्कॅन यांच्या जोडीने. आकडा अनेक महिने सातत्याने चढत गेला तर उपचार निष्फळ ठरत असल्याचा तो इशारा असू शकतो. पण केमोथेरपी सुरू झाल्यावर पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आकडा उलट वाढू शकतो, कारण मरणाऱ्या पेशींमधून हे तुकडे रक्तात येतात. त्या वाढीवरून चालू उपचार सोडणे घातक ठरू शकते. यकृताचे विकार किंवा ‘ब-१२’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय यांतही सीए १५-३ वाढते.

सुरुवातीच्या टप्प्यातील अनेक रुग्णांत हा आकडा पहिल्यापासून सामान्यच असतो. त्यामुळे निरोगी स्त्रीने कर्करोग आहे का हे पाहण्यासाठी ही चाचणी करण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी दिली जाते तेव्हाही तिचा परिणाम मुख्यतः हाताने तपासून, सोनोग्राफी किंवा एमआरआय करून आणि अखेर शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतींच्या तपासणीवरून ठरतो.

नव्या चाचण्यांनी चित्र बदलले का?

काही प्रमाणात. कर्करोगाच्या पेशी रक्तात तरंगताना १८६९ मध्येच थॉमस ॲशवर्थ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. ७.५ मिलिलीटर रक्तात अशा पाच किंवा अधिक पेशी असतील तर स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगात पुढची वाटचाल कठीण असते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. मग केमोथेरपीच्या पहिल्या आवर्तनानंतरही या पेशी कमी झाल्या नाहीत, तर लगेच औषध बदलावे का? अमेरिकेतील ‘एसडब्ल्यूओजी एस०५००’ या चाचणीत हाच प्रश्न तपासला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर निराश करणारे होते. औषध लवकर बदलल्याने स्त्रियांचे आयुष्य वाढले नाही. रक्ताने धोका अचूक सांगितला होता, पण एका केमोथेरपीऐवजी दुसरी दिल्याने तो टळला नाही.

फ्रान्समधील ‘पाडा-१’ चाचणीचा निष्कर्ष २०२२ मध्ये वेगळा आला. येथे रक्तात तरंगणारे गाठीच्या डीएनएचे तुकडे तपासले जात होते. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकात ठरावीक बदल दिसताच, स्कॅनवर आजार वाढण्याची वाट न पाहता संप्रेरकविरोधी औषध बदलले. त्यानंतर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यम कालावधी ५.७ महिन्यांवरून ११.९ महिन्यांवर गेला. पेशीत नेमके काय बदलले हे रक्ताने येथे सांगितले आणि त्या बदलाला उत्तर देणारे औषधही हाताशी होते. हगिन्स यांच्या दोन आवडत्या विषयांची, संप्रेरके आणि रक्तातील खुणा यांची, ही गाठभेटच म्हणायची.

अहवाल हाती आल्यावर काय पाहावे?

भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. त्यामुळे हा प्रश्न असंख्य घरांत विचारला जातो. एकाच आकड्यावरून आनंद किंवा धास्ती मानू नये. उपचार सुरू होण्यापूर्वीचा आकडा नोंदवलेला असावा, म्हणजे पुढे तुलना करता येते. चाचणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच पद्धतीने व्हावी, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलू शकतो. उपचाराचा कितवा आठवडा चालू आहे, हे लक्षात घेऊनच चढउतार वाचावा. आकडा वाढल्यास उपचार मध्येच थांबवू नयेत आणि इंटरनेटवर शोधून अर्थ लावत बसू नये. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : या आकड्यामुळे उपचारात काही बदलणार आहे का? उत्तर नाही असेल, तर पुढच्या स्कॅनपर्यंत तो अहवाल फाइलमध्ये ठेवून द्यायला हरकत नाही.